तुराटीवरची गावं

आमच्या गाडीतला पेट्रोलचा काटा हललेला मी लहानपणी कधी पाहिला नाही. तो आपला खाली टेकलेला असायचा, टाकी भरलेली असो की रिकामी. गाडी म्हणजे छोटा ट्रक. पेट्रोलवर चालणारा, पुढे दोघं नीट आणि तिसरं माणूस अंग चोरून बसेल एवढी केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. बाबांनी तो वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून जुना घेतला होता, आणि पुढची एक-दोन वर्षं त्या फळ्यांच्या फटीतून संत्र्याची वाळलेली सालं निघत राहिली. माय ती गोळा करून उन्हात टाकायची आणि चुलीत घालायची. मग सगळ्या घरात वास. आमच्या मळ्यात संत्रं एक नव्हतं. हिवरखेडच्या काळ्या जमिनीत आम्ही वांगी लावायचो, मिरच्या, सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात), आणि पावसाळा सरता सरता झेंडू. हा सगळा माल रोज सकाळी अकोल्याला जायचा आणि दुपारी गाडी रिकामी परत यायची. माझं सगळं शिक्षण त्या रोजच्या जाण्यायेण्यावर झालं, असं म्हटलं तरी चालेल.

काटा मेलेला होता म्हणून टाकीतलं पेट्रोल आम्ही तुराटीने मोजायचो. तूर कापून झाडून झाली की जी दांडकी उरतात ती तुराटी. आमच्याकडे चूल तिच्यावर पेटते, कूड तिचे होतात, आणि शाळेत मास्तरांच्या हातातही तीच असायची. माय दर वर्षी गंजीतून एक सरळ तुराटी निवडायची. विळ्याने तिची साल काढायची, गाठी तासायची आणि जुन्या काडीवर धरून नव्या काडीवर खाचा पाडायची. खालून पहिली खाच अडगाव. दुसरी अकोट. मग चोहोट्टा, मग गांधीग्राम, मग अकोला. आणि सगळ्यात वर, बोटभर अंतरावर, एक खोल खाच होती, तिचं नाव माघारी. माघारीपर्यंत काडी ओली झाली की गाडी जाऊन परत येणार. टाकीचं तोंड गाडीच्या बगलेला होतं, सरळ आणि चांगलं रुंद. सकाळी बाबा माल लादत असताना माय झाकण उघडायची, काडी आत सोडायची, तळाला टेकली की एकदा टक् असा आवाज यायचा, आणि ती बाहेर काढून लगेच सांगायची, "चोहोट्ट्यापावतर हाय. अकोटाले भरा."

लगेच म्हणजे खरंच लगेच. पेट्रोलचा ओलावा काडीवर टिकत नाही. नजर टाकेपर्यंत वाळतो. बाबांनी स्वतः पाहायचा प्रयत्न केला की त्यांना काडी कोरडीच दिसायची. "वाळली व," म्हणायचे. माय म्हणायची, "तुमी पाहासाठी बसता का हुंगासाठी?" माय शाळेत एक दिवस गेलेली नाही. एसटीची पाटी तिला कोणीतरी वाचून द्यावी लागे. पण त्या काडीवरचं ओलं आणि कोरडं तिला जसं कळायचं तसं मला कधी कळलं नाही, आणि मी तर पुढे प्रयोगशाळेत नळीतलं पाणी डोळ्यांच्या रेषेत आणून मोजायला शिकले. आता माझ्या गाडीत समोर आकडाच उमटतो, अजून इतके किलोमीटर जाईल म्हणून. तो आकडा मला काही सांगत नाही. मी मनातल्या मनात त्याचं गाव करते. हां, अंजनगावपर्यंत आहे. मग बरं वाटतं.

काडी मायची, म्हणून गाडीत माय. हे इतकं सरळ होतं की त्यात काही ठरवलेलं असेल असं मला कधी वाटलं नाही. बाबा लोकांना सांगायचे, "तिच्याबिगर मले पेट्रोल समजत नाई, कुठी अडकलो तं?" आणि माय भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन डाव्या बाजूला बसायची. त्या फडक्यात ज्वारीच्या भाकरी, चून आणि वर एक फोडलेला कांदा. चुनाचा, म्हणजे आमच्या त्या घट्ट पिठल्याचा वास अडगाव यायच्या आत केबिनभर व्हायचा. शाळेला सुटी असली की मी मधे बसायची, गिअरला गुडघा लागू नये म्हणून पाय वर घेऊन. आणि तिथे बसून मला जी माय दिसली ती घरात नव्हती. घरात ती हळू बोलायची. आमच्या घरात मोठेबाबा होते, बाबांचे मोठे भाऊ (बाबा त्यांना दादा म्हणायचे), आणि मायचे ते भासरे. भासऱ्याशी बाईने समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडे रीत. मोठेबाबा अंगणात आले की तिचा पदर पुढे यायचा आणि बोलणं माझ्यातून जायचं. "कल्पे, सांग मोठेबाबाले, चाय झाला." मोठेबाबाही तीन हातांवरून मलाच म्हणायचे, "कल्पी, सांग तुह्या मायले, साखर कमी टाकजो म्हना." दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत असे. तरी मी सांगायची. कधी कंटाळून मी "ऐकलं ना तुमी?" म्हटलं तर दोघंही माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच काहीतरी वेडं बोलले.

गाडीने गावाची शीव ओलांडली की तो पदर खांद्यावर यायचा. आवाज मोठा व्हायचा. वाटेतल्या शेतांवर ती शेरे मारायची, कोणाची कपाशी लाल पडली, कोणी तुरीला पाणी दिलं नाही. अकोल्याच्या फुलबाजारात तर तिचं वेगळंच राज्य. तिथे गजरे करणाऱ्या बायका पोत्यांवर बसलेल्या असायच्या. त्यांच्यातली शेवंताबाई तिला पाहिल्याबरोबर बाजूचं पोतं थोपटायची, "ये व हिवरखेड!" म्हणायची. माय बसायची, काचेच्या ग्लासातला चहा फुंकत प्यायची आणि हसायची. मोठ्याने, तोंडावर हात न ठेवता. मोठेबाबांना हे जाणं पसंत नव्हतं. घरची बाई ट्रकात बसून बाजारात जाते, हे त्यांना चारचौघांत ऐकावं लागे. पण काडीचं कारण असं होतं की त्याला त्यांच्यापाशीही उत्तर नव्हतं.

त्या वर्षी मी अमरावतीला कॉलेजात होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे जे कोणालाच येत नाही ते मला येत असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर माझ्याकडे यायचं, तहसीलचा कागद माझ्याकडे यायचा, एकदा म्हैस खात नव्हती तेव्हा बाबांनी होस्टेलवर फोन करून विचारलं, "तुमच्या पुस्तकात काई हाय का?" मला खरं म्हणजे फार थोडं येत होतं. वर्गात मी प्रश्न विचारायला हात अर्धा वर करून पुन्हा खाली घ्यायची. पण घरी "माहीत नाही" म्हणायची लाज वाटायची. वाटायचं, इतकं सगळं माझ्यावर लावून ठेवलंय यांनी, निदान उत्तर तरी द्यावं.

दसऱ्याला चार दिवस असताना मी सुटीवर आले. मळा झेंडूने पिवळा झालेला. वर्षभर आम्ही भाजी विकायचो, पण खरं पीक ते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो झेंडू अकोल्यात पोचला तो सोनं, दसरा उलटल्यावर पोचला तो उकिरड्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी आणि सांबार घेऊन आम्ही तिघं निघालो. अकोट मागे पडल्यावर माय म्हणाली, "टाकीतून आवाज येऊन राहिला."

"कायचा आवाज?" बाबा.

"चिलट कानात गेल्यावानी. पंधरा दिवसांपासून येते."

"तुह्याच कानात असन."

"माह्या कानात असतं तं गाडी थांबल्यावर काऊन थांबते?"

गांधीग्रामच्या पुलाच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले, खोकल्यासारखा आवाज केला आणि बंद पडली. बाबांनी चावी फिरवून पाहिली. माय उतरली, सीटमागची काडी काढली, झाकण उघडलं. टक्. "अकोल्याच्या वर हाय. पेट्रोल सरलं नाई." तिने बाबांकडे पाहिलं. तिचं मोजणं चुकलेलं नाही हे तिला आधी सांगायचं होतं. अर्धा तास आम्ही कडुनिंबाखाली उभे राहिलो, सांबारावर ओलं पोतं टाकलं, आणि मग चावी फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली. बाजारात पोचलो तोवर वांग्यांचं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. येताना चोहोट्ट्याजवळ पुन्हा तेच. तेव्हा बाबा म्हणाले, "हनीफभाईले दाखवा लागते."

हनीफभाईंचं गॅरेज अकोटच्या बाहेर एका चिंचेखाली होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मागे लागून त्यांचं घर. मायला त्यांच्या बायकोने आत बोलावून घेतलं. हनीफभाईंनी चावी फिरवायला लावली, टाकीला कान लावला आणि म्हणाले, "पंप रो रहा है." टाकी उतरवायला तास गेला. झाकणाखालून त्यांनी जो डबा काढला तो मी पहिल्यांदाच पाहत होते. एका नळकांड्यात पेट्रोल ओढणारा पंप, आणि त्याच्याच बाजूला एक वाकडी तार, तारेच्या टोकाला तरंगणारा छोटा फ्लोट. ती तार वर झाली की समोरचा काटा वर व्हायचा, खाली झाली की खाली. पंपाच्या तळाशी बारीक जाळी होती. ती दिसतच नव्हती. तिच्यावर तपकिरी लगदा बसला होता, भिजवलेल्या सुतळीसारखा. हनीफभाईंनी तो बोटाने काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बेटा, तू पढी-लिखी. बोल क्या है ये?"

मला ते ओळखायला शिक्षण लागलं नाही. तुरीचे धागे होते. मग त्यांनी टाकी एका परातीत उपडी केली तेव्हा पेट्रोलबरोबर काडीची टोकंही आली, पेरभर लांबीची, चार की पाच. वर्षानुवर्षं रोज सकाळी तळाला टेकणारी तुराटी तिथे थोडी थोडी झिजत होती, मोडत होती. पंप ते धागे ओढत होता, जाळी तुंबत होती, आणि तो बिचारा रडत होता.

बाबांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. "तुह्या मायले सांगू नोको," मला म्हणाले.

हनीफभाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. जाळी धुऊन हाच पंप परत बसवता येईल, पण तो थकलेला आहे. महिना चालेल, नाहीतर उद्या पुलावर उभा राहील. नाहीतर नवा टाकायचा. आणि नवा पंप सुटा मिळत नाही, पंप आणि फ्लोट एकाच डब्यात येतात. "मतलब काटा बी चालू हो जायेगा," ते म्हणाले, "फोकट में." आणि हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला, चिंचेच्या बुंध्याकडे नेलं. "तू सांग," म्हणाले. "तू शिकली. धुवाचा का बदलाचा?"

मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे. दोन दिवसांवर झेंडू आहे. मी हिंमत करून म्हटलं, "बदलू ना बाबा. काटाही चालू होईल. बरंच आहे की."

"बरंच हाय," ते म्हणाले आणि चिंचेची साल नखाने काढत बसले. मग, माझ्याकडे न पाहता, "काटा तवाच दुरुस्त होत होता. गाडी घेतली तवा. हनीफभाईच म्हने, तार साफ करतो, दहा मिन्टाचं काम हाय. म्या म्हनलं, राहू द्या."

"का?"

"काटा चालू असता तं तुही माय वावरातच राह्यली असती. दादा म्हनले असते, कायले जाते? आता तिले काम हाय गाडीत. काम हाय म्हनून कोनी काई म्हनत नाई." त्यांनी सालीचा तुकडा खाली टाकला. "लग्न होऊन आली तवा मले म्हने, मले फक्त एक डाव अकोला दाखवजा. तुह्या जन्माआंधीची गोष्ट सांगून राहिलो मी. सात-आठ वर्सं नाई नेता आलं."

मी तिथे उभी होते आणि माझ्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. इतकी वर्षं मी बाबांच्या त्या "वाळली व"वर हसत आले होते. शेतात कपाशीच्या पानाखालची अळी ज्या माणसाला बांधावरून दिसायची त्याला काडीवरचा ओलावा दिसत नाही, हे मला कधी खटकलं नाही. मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते आणि माझ्या घरातली ही एक गोष्ट मी निरखून पाहिली नव्हती. हे लिहितानाही मला थोडं अवघडल्यासारखं होतं. बाबांनी हे माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता मी ते इथे मांडून ठेवते आहे. पण ते आता नाहीत, आणि हे कोणीतरी लिहून ठेवावं असं मला वाटतं.

धुवा म्हटलं तर मायची जागा राहते, पण गाडीचा भरवसा राहत नाही. बदला म्हटलं तर गाडी चालेल आणि काडी चुलीत जाईल, आणि काडीबरोबर ते पोतं, तो काचेचा ग्लास, ते हसणं. मी पहिल्यांदाच खरं बोलले. "मला माहीत नाही, बाबा." त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. मग मला एवढंच सुचलं ते मी म्हटलं, "पण गाडीच बंद पडली तर माय कशात बसून जाईल?"

"हे बी खरं हाय," बाबा म्हणाले. "दादाले काय सांगू पन?"

"तेही माहीत नाही."

तेवढ्यात माय बाहेर आली. हनीफभाईंच्या बायकोने तिच्या ओच्यात बोरकुटाची पुडी दिली होती. ती सरळ परातीपाशी गेली, वाकली आणि पेट्रोलमधलं एक टोक उचललं. बाबा "अवं, हात नोको..." म्हणेपर्यंत तिने ते नाकाशी नेलं, मग उजेडात धरलं.

"तूर हाय."

तिने ते टोक बोटांत दाबून पाहिलं.

"हे दोन वर्सांआंधीची," ती म्हणाली. "त्या साली पानी जास्त झालं होतं, काडी पोचट निघाली. म्या तवाच म्हनलं होतं, मोडते म्हनून." तिने दुसरं टोक उचललं. "मंग मीच बंद पाडून राहिली होती गाडी?"

"तू नाई व," बाबा घाईने म्हणाले. "तुरीनं."

"तूर काय आपल्या पायानं गेली का टाकीत?" ती म्हणाली, आणि हनीफभाई हसले, आणि मग तीही हसली, पण तोंडावर हात ठेवून. मी ते पाहिलं. हनीफभाईंनी तिलाही सगळं समजावून सांगितलं, तार, फ्लोट, काटा. तिने लक्ष देऊन ऐकलं. फ्लोट बोटाने वर खाली करून पाहिला. मग विचारलं, "नवा काटा खरं सांगंल?"

"एकदम सच्चा, भाभी."

तिने हातातलं टोक परत परातीत टाकलं. काडीचं काम गेलं की काय जातं हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिला ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. "मंग बसवा," ती म्हणाली. "फुलं न्याचे हायेत."

गाडी तिथेच ठेवून आम्ही एसटीने घरी आलो. डबा दुसऱ्या दिवशी अकोल्याहून आला आणि संध्याकाळच्या आत बसला; गाडी आणायला आम्ही तिघंही गेलो होतो. येताना बाबांनी चावी फिरवली आणि मी जन्मात पहिल्यांदा तो काटा उठताना पाहिला. हळूहळू, अंदाज घेत घेत, अर्ध्यावर येऊन थांबला. अकोट ते हिवरखेड माय त्या काट्याकडेच पाहत बसली. वाटेतल्या कोणाच्याही कपाशीला तिने नाव ठेवलं नाही. भाकरीचं फडकं मांडीवर होतं आणि तिचे दोन्ही हात त्या फडक्यावर नुसते पडलेले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तांबडं फुटायच्या आत सगळं घर मळ्यात होतं. दव पडलेला झेंडू तोडताना बोटं हिरवी होतात आणि तो कडसर वास दोन दिवस जात नाही. उन्हं कोवळी होती तेव्हा हौदा वरपर्यंत भरला, वर ओली धोतरं पांघरली. मी घरातून पाण्याची कॅन आणली तर मोठेबाबा गाडीच्या दाराशी उभे. आत वाकून त्यांनी काट्याकडे पाहिलं.

"उठला म्हना हा," बाबांना म्हणाले. "हनीफनं काम बरं केलं."

"हो दादा."

"मंग आता काडीचं काई काम राह्यलं नाई." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना हे साधं, सरळ वाटत होतं. "सनाचा आदला दिवस हाय. उद्या माह्या पोरी येतीन, जावई येतीन. घरची बाई घरी बरी. मी येतो तुह्यासंगं. नाईतं कल्पी हाय."

बाबा दोराची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधू लागले. त्यांच्याकडे दुसरं कारण नव्हतं. मी कारण शोधत होते. हिशोबाला लागेल, भाव तिला कळतो, पंप नवा आहे म्हणून सोबत हवी, असं काहीबाही. त्यातलं एकही माझ्या तोंडून निघेना. माय गाडीच्या पलीकडे होती. भाकरीचं फडकं हातात. पदर कपाळाच्या खाली. मला वाटलं, ती आता वळून घरात जाईल.

"कल्पे," ती म्हणाली.

"काय माय?"

"सांग मोठेबाबाले." तिचा आवाज नेहमीसारखा हळू होता, पण अडखळला नाही. "म्हना, काडीसाठी नाई जात. मले जा वाटते म्हनून जातो."

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं. तरी रीत म्हणजे रीत. मोठेबाबा माझ्याकडे पाहत होते, मी सांगण्याची वाट पाहत. मी तोवर त्या दोघांमधून हजारो निरोप नेले असतील, चहाचे, साखरेचे, पाहुण्यांचे. एवढा जड निरोप कधी नेला नव्हता. कॉलेजात हात अर्धा वर करून खाली घेणारी मी, मी म्हटलं, "मोठेबाबा, माय म्हणते, काडीसाठी नाही जात. तिला जावंसं वाटतं म्हणून जाते."

"वाटते म्हन्ते?" मोठेबाबा म्हणाले.

"हो."

ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे लिहायलाच हवं. नको म्हणायला त्यांनी मनात पुष्कळ काही तयार ठेवलं असेल, लोक काय म्हणतील, सण काय म्हणेल. पण बाईला वाटतं, हे कारण त्यांच्यासमोर कोणी कधी ठेवलंच नव्हतं, आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा वर. ऊन आता गोठ्याच्या पत्र्यावर आलं होतं.

"दसऱ्याचं ऊन वाईट असते," ते शेवटी मला म्हणाले. "सांग तिले, बाजारात पदरानं भागत नाई." आणि खांद्यावरचा पंच्यासारखा दुपट्टा काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला, कारण तिच्या हातात तो त्यांना देता येत नव्हता.

मी गाडीला वळसा घालून तो मायला दिला. ती तशीच चढून बसली. शिवेबाहेर आल्यावर तिने पदर मागे टाकला आणि तो दुपट्टा डोक्याला घट्ट गुंडाळला, पुरुष बांधतात तसा. त्याला मोठेबाबांच्या तंबाखूचा वास होता. दिवसभर ती तो बांधूनच फुलबाजारात फिरली.